चौदा हजार मैल आणि पंक्चरची पिशवी

सव्वाशे वर्षांपूर्वी लांब झगा घातलेली एक अमेरिकन बाई सायकलवरून हिंदुस्थान पालथा घालत होती. वाटेत ना पंक्चरचं दुकान, ना मदतीला धावून येणारा मोबाईल. सोबत नवरा, हँडलला किटली आणि सायकल दुरुस्तीची पिशवी. तिचं नाव फॅनी बुलक वर्कमन. पुढे हिमालयातल्या मोहिमांनी ती जगभर गाजली. पण तिची ही आधीची सायकलची गोष्ट आपल्यासाठी जास्त जवळची आहे.

मैत्रिणींनो, सायकल चालवायला आपण बहुतेक जणी शिकलेल्या असतो. कुणी भावाच्या सायकलवर, कुणी भाड्याच्या, कुणी शाळेसाठी मिळालेल्या. पण चेन पडली तर ती बसवायची कशी, पंक्चर काढायचं कसं, हे किती जणींना कुणी शिकवलं? घरात मुलगा पाना-पकड घेऊन बसला की त्याचं कौतुक होतं. मुलीचे हात ग्रीसनं काळे झाले की आई आधी हात धुवायला पाठवते. मग तीच मुलगी मोठी होते आणि रस्त्यात सायकल बंद पडली की कुणीतरी यायची वाट बघत उभी राहते. लांब जायचं टाळते, कारण मध्येच काही झालं तर काय, हा प्रश्न असतो. फॅनीपुढेही तोच प्रश्न होता. तिनं त्याचं उत्तर पिशवीत भरून बरोबर घेतलं होतं.

श्रीमंताघरची लेक

फॅनीचा जन्म ८ जानेवारी १८५९ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर गावचा. वडील अलेक्झांडर बुलक हे पुढे त्या राज्याचे गव्हर्नर झाले. आईचं माहेर बंदुकीच्या दारूचे कारखाने असलेलं. म्हणजे घरात पैशाला तोटा नव्हता. अशा घरातल्या मुलींना जे शिक्षण मिळायचं तेच फॅनीला मिळालं. न्यूयॉर्कमधली शाळा, मग पॅरिस आणि ड्रेस्डेन. फ्रेंच आणि जर्मन ती उत्तम बोलायची. आता एखादं चांगलं स्थळ बघून लग्न करायचं आणि घर सजवायचं, एवढंच तिच्याकडून अपेक्षित होतं.

लग्न तिनं केलं, १८८२ मध्ये. नवरा विल्यम हंटर वर्कमन डॉक्टर होता, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. त्यानं तिला डोंगर चढायची गोडी लावली. १८८४ मध्ये मुलगी झाली, रेचेल. पुढे विल्यमची तब्येत बिघडली, त्यानं डॉक्टरकी सोडली आणि १८८९ मध्ये कुटुंब जर्मनीत राहायला गेलं. तिथं मुलगा झाला, सीगफ्रीड.

१८९३ मध्ये हा लहानगा फ्लू आणि न्यूमोनियानं गेला. चार वर्षांचं पोर हातातून जाणं म्हणजे काय, हे ज्या आईवर येतं तिलाच कळतं. त्यानंतर फॅनी घरात रमली नाही. रेचेलला दाई आणि शाळा यांच्या हवाली करून नवरा-बायको प्रवासाला निघाले. त्या काळी यावरून तिला नावं ठेवली गेली असतील, आणि आजही वाचताना आपल्या मनात चुटपुट लागते. एक लेकरू गेलं म्हणून दुसऱ्यापासूनही लांब जायचं का? याचं सोपं उत्तर नाही. फॅनीचं कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवायचं मात्र कारण नाही.

सायकल आली, आणि हवेचे टायर

फॅनीच्या हाती सायकल आली ती अगदी योग्य वेळी. त्याआधीची सायकल म्हणजे पुढे भलंमोठं चाक, मागे पिटुकलं. त्यावर चढणं हीच कसरत होती, लांब झगा घालून तर अशक्यच. १८८५ च्या सुमारास दोन सारख्या चाकांची, चेनवर चालणारी सायकल बाजारात आली. १८८८ मध्ये डनलपनं हवेचा टायर काढला. १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी रस्त्यावरच काढता-घालता येईल असा टायर तयार केला. त्याआधी टायर चाकाला चिकटवलेला असायचा आणि दुरुस्तीला बराच वेळ जायचा. आज आपण दोन पट्ट्या घालून टायर उचकटतो आणि ट्यूब बाहेर काढतो ना, त्या सोयीचं मूळ तिथं आहे.

आपल्याकडेही सायकल तेव्हाच पोचत होती. १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पण सायकल परदेशातून यायची, तिचा प्रत्येक सुटा भागही परदेशातून. चैनीची वस्तू होती ती. गावोगावी झाडाखाली घमेलं आणि पंप घेऊन बसलेला पंक्चरवाला यायला अजून बराच अवकाश होता.

वर्कमन जोडप्यानं युरोपात सराव केला, मग अल्जीरियात गेले. १८९५ मध्ये स्पेन. तिथं सुमारे २,८०० मैल, म्हणजे साडेचार हजार किलोमीटर त्यांनी सायकलवर काढले. प्रत्येकाजवळ सामान फक्त वीस पौंडांचं, म्हणजे नऊ किलो. कपडे, कागद, औषधं, दुरुस्तीचं सामान, सगळं त्यातच. रोजचा सरासरी पल्ला ४५ मैल, कधी कधी ८० मैलांपर्यंत. ४५ मैल म्हणजे किती? वाघोलीहून नगर रस्त्यानं रांजणगावच्या महागणपतीला जायचं, दर्शन घ्यायचं आणि सायकलवरच परत यायचं, साधारण तेवढं. तेही एक दिवस नाही, रोज. आणि रस्ता डांबरी नाही, खडी-मातीचा.

फॅनीच्या हँडलला पत्र्याची किटली लटकलेली असायची. कुत्री मागं लागतात म्हणून जवळ चाबूकही असायचा. अंगात शेवटपर्यंत झगाच. चेनमध्ये कापड अडकू नये म्हणून किती सांभाळावं लागत असेल, हे साडी नाहीतर ओढणी सावरत सायकल चालवणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

हिंदुस्थानचा रस्ता

नोव्हेंबर १८९७ मध्ये दोघं या बाजूला आले. तेव्हा फॅनी ३८ वर्षांची होती आणि विल्यम पन्नाशीचा. पुढची सुमारे अडीच वर्षं त्यांनी सिलोन, हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि जावा असा प्रवास केला. सायकलवरचं अंतर भरलं सुमारे १४,००० मैल, म्हणजे साडेबावीस हजार किलोमीटर. त्यातले सुमारे ४,००० मैल आपल्या देशाच्या दक्षिण टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतचे. निघण्याआधी त्यांनी आपल्याकडचे जुने ग्रंथ भाषांतरातून वाचले होते आणि वाटेतली जुनी देवळं, शिल्पं बघत ते चालले होते.

रस्ते त्यांनी विचार करून निवडले. शक्यतो मोठा रस्ता धरायचा आणि तोही रेल्वेच्या जवळून जाणारा. म्हणजे सामान मिळायची सोय आणि अगदीच अडलं तर स्टेशन जवळ. मुक्कामाला जागा नसली की स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये पथारी. उंदीर, डास, कधी जेवण नाही तर कधी पाणी नाही. बरोबर चहा, साखर, बिस्किटं, चीज, डबाबंद मांस, पाणी, उशी, एकेक ब्लँकेट, लिहायचं साहित्य, औषधांची पेटी आणि सायकल दुरुस्तीचं सामान. ही यादी नीट बघा. ज्या प्रवासात उशी आणि कागदसुद्धा मोजून घ्यावे लागत होते, त्यात दुरुस्तीच्या पिशवीची जागा ठरलेली होती.

आणि ती लागलीच. काही दिवस तर असे गेले, की एका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढावी लागली! आपल्याकडच्या बाभळीच्या काट्यांची ज्यांना ओळख आहे त्यांना हा आकडा फार खोटा वाटणार नाही. एका काटेरी फांदीवरून चाक गेलं तर एका ट्यूबला चार भोकंही पडतात.

जरा हिशेब करून बघू. एक पंक्चर काढायला सवयीच्या हातालाही दहा-पंधरा मिनिटं लागतात. टायर उचकटायचा, ट्यूब ओढून काढायची, हवा भरून पाण्यात धरायची, बुडबुडे आले ती जागा खूण करून पुसायची, काच पेपरनं घासायची, सोल्यूशन लावायचं, ते थोडं सुकू द्यायचं, मग पॅच दाबायचा. हे झाल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा. तो राहिला तर सगळी मेहनत पाण्यात. अशी चाळीस म्हणजे सात ते दहा तास. दोघं मिळून केली तरी अर्धा दिवस पंक्चरातच गेला. बाकीच्या अर्ध्या दिवसात उन्हातान्हात पुढचं गाव गाठायचं.

फॅनीकडे पैसा होता, हे खरं. पण त्या रस्त्यावर पैशानं पंक्चर निघत नव्हतं. गव्हर्नरची लेक असो की कुणी असो, धुळीत बसून ट्यूब घासल्याशिवाय चाक फिरत नव्हतं. सामान बरोबर होतं आणि ते वापरता येत होतं, म्हणून १४,००० मैल झाले. त्यातलं एक जरी नसतं, तरी पहिल्याच काटेरी दिवशी प्रवास संपला असता. या प्रवासावरचं दोघांचं पुस्तक १९०४ मध्ये निघालं.

सायकल ठेवली, डोंगर धरला

१८९८ च्या उन्हाळ्यात मैदानातला उकाडा असह्य झाला तेव्हा सायकली ठेवून दोघं काश्मीर आणि लडाखकडे गेले. चौदा ते अठरा हजार फुटांवरच्या खिंडी पायी ओलांडल्या. हिमालय बघितला आणि फॅनीला आयुष्याचं काम सापडलं. १८९९ मध्ये काराकोरममधल्या एका शिखराला तिनं गेलेल्या लेकाचं नाव दिलं, सीगफ्रीडहॉर्न. १९०६ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, नुन-कुन पर्वतरांगेतल्या पिनॅकल पीकवर ती पोचली. उंची सुमारे ६,९३० मीटर. बायकांमधला हा उंचीचा विक्रम १९३४ पर्यंत कुणी मोडला नाही. १९०५ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीपुढे तिनं भाषण केलं. तिच्याआधी तो मान फक्त एका बाईला, इझाबेला बर्डला मिळाला होता.

पंक्चरच्या पिशवीचा धडा तिनं डोंगरातही गिरवलेला दिसतो. आधीच्या मोहिमांतल्या तिच्या नकाशांमध्ये चुका आहेत, अशी टीका झाली. मग १९१२ मध्ये सियाचेन हिमनदीच्या मोहिमेवर जाताना तिनं जाणकार सर्वेक्षक बरोबर घेतले. त्यात ग्रँट पीटरकिन होते आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे सर्जन सिंगही होते. काय कमी पडू शकतं ते आधी ओळखायचं आणि त्याची सोय करूनच निघायचं, हा तिचा स्वभाव झाला होता. त्या मोहिमेची प्रमुख ती स्वतः होती. तिथं सुमारे २१ हजार फुटांवर, बायकांना मताचा हक्क द्या असं सांगणारं वर्तमानपत्र हातात धरून तिनं फोटो काढून घेतला. आज सियाचेन म्हटलं की आपल्याला बर्फात पहारा देणारे जवान आठवतात. तिथल्या पहिल्या नीट नकाशामागे एक ५३ वर्षांची बाई होती, हेही आठवायला हरकत नाही.

तिचं सगळंच गोड नव्हतं. हमालांशी आणि इथल्या लोकांशी ती तोऱ्यात वागायची. तिच्या पुस्तकांत साहेबी गुर्मी जागोजागी दिसते. ज्यांच्या पाठीवरून तिचं सामान वर गेलं त्यांचं मोल तिला फारसं कळलं नाही. अॅनी पेक नावाच्या दुसऱ्या गिर्यारोहक बाईनं उंचीचा आपला विक्रम झाल्याचं सांगितलं, तेव्हा फॅनीनं १३ हजार डॉलर खर्च करून सर्वेक्षक पाठवले आणि ते शिखर मोजून घेतलं! ते फॅनीच्या शिखरापेक्षा कमी भरलं. हट्टीपणाची कमालच.

१९१७ पासून ती आजारी पडली आणि २२ जानेवारी १९२५ रोजी फ्रान्समधल्या कान शहरात वारली. मृत्युपत्रात तिनं मुलींच्या चार कॉलेजांना सव्वा लाख डॉलर ठेवले होते. आणि रेचेल? आईनं दूर ठेवलेली ही मुलगी भूगर्भशास्त्रज्ञ झाली. तिचं लग्न कानपूरमध्ये गिरण्या उभारणाऱ्या मॅकरॉबर्ट यांच्याशी झालं, म्हणजे हिंदुस्थानशी नातं लेकीच्या बाजूनंही राहिलं.

आपल्या रस्त्यावर

वाघोलीच्या बाजूला रविवारी पहाटे नगर रस्त्यावर उभं राहिलं की हेल्मेट घातलेले सायकलस्वार लोणीकंद, कोरेगाव भीमा, शिक्रापूरच्या दिशेनं जाताना दिसतात. त्यात बायका-मुलीही असतात. रस्ता आता डांबरी आहे, पण काटे बदललेत. ट्रकचे टायर फुटले की त्यातली केसासारखी बारीक तार रस्त्याच्या कडेला पसरते, आणि नेमकी सायकल चालते ती कडेनंच. शिवाय फुटक्या बाटल्यांच्या काचा, खाणीतली कच आणि खडी. पहाटे पाच वाजता कुठलंही दुकान उघडं नसतं. वाटेत टायरवाले असतात, पण त्यांचा पसारा ट्रकचा. गिअरच्या सायकलची बारीक ट्यूब त्यांच्याकडे मिळेलच असं नाही.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे नावाच्या राइड आता आपल्याकडेही होतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत. त्यांचा नियमच असा, की वाटेत ओळखीची गाडी मदतीला घ्यायची नाही, आपली दुरुस्ती आपणच करायची. फॅनीच्या काळात जी नाइलाजाची गोष्ट होती, तिला आता नियमाचं रूप आलंय.

आपल्यापैकी सगळ्याच काही दोनशे किलोमीटर जाणार नाहीत. कुणी शेतावर जाईल, कुणी शाळेत शिकवायला, कुणाची मुलगी शेजारच्या गावातल्या कॉलेजात. पण पाच किलोमीटरवर पंक्चर झालं आणि तिन्हीसांज झाली, तर तेवढं अंतरही लांबच असतं. मुलगी उशिरा आली म्हणून तिची सायकलच बंद केल्याची उदाहरणं आपण बघतोच. एका साध्या काट्यापायी तिचं कॉलेज सुटू नये. त्यासाठी तिच्या हातात चारशे-पाचशे रुपयांचं सामान आणि एका दुपारचं शिक्षण द्यायला काय हरकत आहे? सुट्टीच्या दिवशी अंगणात सायकल उलटी करून ठेवा. मुलीला चाक काढू द्या, ट्यूब बाहेर ओढू द्या, पुन्हा बसवू द्या. पहिल्यांदा तास लागेल, तिसऱ्यांदा वीस मिनिटं. हात काळे होतील. ते साबणानं निघतात.

सोबत काय असावं?

ट्यूब : आपल्या सायकलच्या मापाची एक जादा. माप टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. रस्त्यात सरळ ट्यूब बदलावी आणि फुटलेली घरी येऊन सावकाश दुरुस्त करावी.

पंक्चरचं सामान : पॅच, सोल्यूशन, काच पेपरचा तुकडा. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की आत वाळते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी दाबून बघावी. पाणी नसेल तर हवा भरलेली ट्यूब गालाजवळ फिरवावी, बारीक झुळूक कळते.

टायर काढायच्या पट्ट्या : दोन. स्क्रू ड्रायव्हर वापरू नये, ट्यूबला नवं भोक पडतं.

छोटा पंप : आपल्या सायकलच्या व्हॉल्व्हला बसतो ना, ते आधी बघून घ्यावं. साध्या सायकलला व्हॉल्व्हची रबरी नळीही दोन इंच जवळ ठेवावी.

पाने : साध्या सायकलला चाकाच्या नटाचा पाना, गिअरच्या सायकलला ४, ५ आणि ६ मि.मी.ची ॲलन की.

चेनसाठी : गिअरची सायकल असेल तर चेन तोडायचं छोटं हत्यार आणि त्याच मापाची एक जोडकडी. नुसती चेन उतरली असेल तर काडीनं उचलून खालच्या दातांवर टेकवावी आणि पेडल हळूहळू फिरवावं.

ब्रेकची तार : एक जादा. वजन नसल्यासारखंच असतं.

इतर : चिकटपट्टी, जुन्या टायरचा बोटभर तुकडा (टायर चिरला तर आतून लावायला), हात पुसायला फडकं, थोडे सुटे पैसे.

हे सगळं सीटखालच्या लहान पिशवीत मावतं. निघण्याआधी दोन्ही टायर दाबून बघायचे, ब्रेक ओढून बघायचे, चेनला तेलाचा थेंब द्यायचा आणि मग निघायचं.